हापूसच्या कोयीतून हापूस येईल का?

कोथरूड, पुणे येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : ‘गेल्या वर्षी मे महिन्यात नातवंडांनी हापूस आंब्याच्या कोयी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. त्यांतल्या पाच उगवल्या आणि आज ती रोपे हात-दीड हात उंच झाली आहेत. मग मुलांना छंदच लागला. आता गॅलरीत लिंबाची सहा-सात रोपे आहेत, फणसाच्या आठळीची दोन आहेत, पपईची नुकतीच उगवलेली रोपे आहेत आणि एक अव्होकाडोही आहे. मुलगा म्हणतो, बियांच्या झाडांना फळे धरत नाहीत आणि धरलीच तर आंबट निघतात, तेव्हा हे सगळे टाकून दे आणि रोपवाटिकेतून कलमे आण. चिपळूण तालुक्यात आमच्या गावच्या घरामागे तीन गुंठे जागा मोकळी आहे. ही रोपे तिकडे नेऊन लावावीत का? त्यांना हापूसच लागेल का? माझे वय ६७ आहे, मला त्यांचे फळ पाहायला मिळेल का?’

सप्रेम नमस्कार.

आधी आपल्या तीनही प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते आणि मग कारणांकडे वळते. रोपे टाकू नयेत. आंब्याची रोपे आहेत तशीच वाढू दिली, तर त्यांना हापूस लागणार नाही. मात्र त्यांतल्या एखाद्या रोपावर पुढच्या पावसाळ्यात हापूसचे कलम बांधून घेतले, तर सहा-सात वर्षांत त्या झाडाचे फळ आपल्या हाती येण्यास काहीच हरकत नाही. आपल्या चिरंजिवांचे म्हणणे आंबा आणि फणस यांच्यापुरते पुष्कळसे बरोबर आहे, परंतु लिंबू आणि पपई यांना ते लागू पडत नाही. आपल्या गॅलरीतील रोपांचा विचार सरसकट न करता जातवार करायला हवा, कारण बियांपासून झाड वाढवणे शहाणपणाचे की वेळ दवडणारे, हे प्रत्येक फळाच्या बाबतीत वेगळे ठरते.

हापूसच्या कोयीचे मर्म असे आहे. आपण खातो तो आंब्याचा गर पूर्णपणे मातृवृक्षाचा असतो, म्हणून एका झाडाची सगळी फळे चवीला सारखी लागतात. कोयीच्या आतली बी मात्र त्या एकट्या झाडाची नसते. मोहोरावर बसणाऱ्या माश्या आणि इतर कीटक जवळपासच्या पायरीचा, केसरचा किंवा बांधावरच्या रायवळीचा पराग आणून टाकतात आणि त्या संयोगातून बी तयार होते, तेव्हा तिचा दुसरा पालक कोण, हे बागाईतदारालाही सांगता येत नाही. हापूसला हापूसचाच पराग मिळाला, तरी फरक पडत नाही, कारण हापूसचा स्वतःचा वारसाच मिश्र आहे आणि तो पुढच्या पिढीत नव्याने वाटला जातो. म्हणून आपल्या पाच कोयींतून पाच वेगवेगळी झाडे निघाली आहेत. त्यांपैकी एखाद्याचा आंबा गोड आणि सुवासिक निघेल, एखाद्याचा दोरे असलेला पण रसाळ, तर एखाद्याचा केवळ लोणच्याच्या उपयोगाचा. जिभेला हवा तोच आंबा बी पेरून मिळावा, अशी आशा येथे ठेवता येत नाही.

आंब्याच्या सगळ्याच जाती अशा नाहीत, हेही सांगितले पाहिजे. केरळच्या किनाऱ्यावरील ओलूर, चंद्रकरण, कुरुक्कन अशा काही जातींच्या एकाच कोयीतून एकापेक्षा अधिक कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक कोंब बीजांडाच्या मातृपेशींतून निघालेले असल्यामुळे ते हुबेहूब आईसारखेच झाड देतात. अशा जातींना बहुभ्रूणी म्हणतात. हापूस, पायरी, केसर हे आपले नेहमीचे आंबे एकभ्रूणी आहेत, म्हणजे त्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो संयोगातून झालेला असतो. हा भेद नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे लिंबाच्या बाबतीत तोच आपल्या बाजूने उभा राहतो.

मग कोकणात हजारो एकरांवर एकसारखा हापूस कसा, असे नातवंडे विचारतील. त्यांना सांगावे की त्यांतले प्रत्येक झाड हे कुठल्या तरी जुन्या हापूसच्या फांदीचीच पुढची वाढ आहे. आंब्यावर कलम बांधण्याच्या कलेला पश्चिम किनाऱ्यावर जोर आला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, आणि हापूसचे नावही पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्क याच्यावरून पडले, असे मानले जाते. परंतु ज्या मूळ झाडावरून ही पहिली फांदी घेतली गेली असेल, ते झाड मात्र कुणीतरी पेरलेल्या किंवा फेकलेल्या कोयीतूनच आलेले असणार. नवी जात जन्माला येते ती बियांतूनच. कलम तिला केवळ टिकवून ठेवते आणि सर्वदूर पोहोचवते.

आपण पुण्याच्या आहात, म्हणून घराजवळचेच उदाहरण देते. गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या झाडांतून १९२७ साली एक उत्तम झाड निवडले. तोच आज ‘सरदार’ अथवा ‘लखनौ-४९’ या नावाने देशभर लागवडीत असलेला पेरू होय. पुढे १९३६ साली त्याच केंद्रात आळंदी डाळिंबाच्या बीजरोपांतून एका झाडाची निवड झाली आणि त्यातून ‘गणेश’ डाळिंब मिळाले. आज ज्या भगव्या डाळिंबावर सोलापूर-नाशिककडचे अनेक संसार उभे आहेत, त्याच्या मातापित्यांत हे गणेश डाळिंबच आहे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते आणि मुलांना त्या आवर्जून सांगाव्यात, असे मनापासून वाटते. परंतु त्या संशोधकांकडे रोपे पुष्कळ होती, जमीन होती आणि नापसंत झाडे काढून टाकण्याची मुभा होती. आपल्याकडे तीन गुंठे आहेत. तेव्हा योगायोगाने उत्तम निघेल, या भरवशावर सगळी जागा देऊ नये.

या तीन गुंठ्यांचा हिशोब आधी मांडू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. हापूसच्या दोन झाडांत दोन्ही बाजूंनी १० मीटर अंतर ठेवण्याची रूढ पद्धत आहे, म्हणजे एक पूर्ण वाढलेला आंबा जवळजवळ एक गुंठा अडवतो. आपल्या जागेत तीन आंबे बसतील आणि कडेला एक-दोन इतर झाडे. पाच आंबे व दोन फणस तेथे लावले, तर सुरुवातीची काही वर्षे सगळे छान दिसेल आणि नंतर प्रत्येक झाड उन्हासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर चढू पाहील. उंच, किडकिडीत आणि मोहोर कमी असलेल्या झाडांची अशी दाटी कोकणातल्या अनेक परसांत दिसते, तेव्हा निवड आताच करणे इष्ट.

या तीन जागांपैकी एक जागा तयार कलमाला द्यावी, असे मी सुचवते. येथे आपल्या चिरंजिवांचा शब्द राखावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून हापूसचे एक निरोगी कलम याच पावसाळ्यात आणून लावावे. हापूस एक वर्षाआड धरतो, हा दोष नको असेल, तर विद्यापीठाच्याच वेंगुर्ले येथील केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेला ‘रत्ना’ हा दरवर्षी धरणारा आंबा घ्यावा. त्याच्या फळात साकाही, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भागही, होत नाही. ‘रत्ना’ १९८१ सालापासून लागवडीत आहे.

दुसऱ्या जागी मुलांच्या पाच रोपांपैकी सर्वांत जोमदार रोप लावावे आणि त्याच्यावर पुढच्या पावसाळ्यात, ते जमिनीत असतानाच, हापूस बांधून घ्यावा. या झाडाचे मूळ नातवंडांच्या कोयीचे असेल आणि फळ हापूसचे. आत्ताच बांधू नये, कारण श्रीखंडाच्या डब्यात वर्षभर वाढलेल्या रोपाची खोडे बहुधा शिसपेन्सिलीपेक्षा बारीक राहिलेली असतात. ती आधी मोकळ्या जमिनीत भरावीत. जागेवरच बांधण्याचा मोठा लाभ असा की सोटमूळ एकदा खोल गेले की पुन्हा हलवावे लागत नाही.

तिसऱ्या जागी उरलेल्यांपैकी एक रोप कलम न करता रायवळ म्हणून वाढवावे. त्याला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतील, आणि फळ कसे निघेल ते फळ धरेपर्यंत कळणार नाही. तरीही घरच्या लोणच्यासाठी, पन्ह्यासाठी, चोखून खाण्यासाठी परसात एक रायवळ असावा, असे माझे ठाम मत आहे. हापूसच्या झाडांना परपरागासाठी दुसऱ्या जातीचा शेजार लाभतो, तो फायदा वेगळाच. रायवळीचे वैविध्य आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालले आहे. रस्ता रुंदीकरणात आणि बांधकामांत जुनी झाडे जातात, आणि त्यांच्या जागी लावली जातात ती फक्त बाजारात चालणारी कलमे. प्रत्येक रायवळ जगात एकच असतो, त्यामुळे तो तुटला की त्या चवीचा आंबा पुन्हा मिळत नाही. उरलेली तीन रोपे गावात ज्याच्या बांधावर जागा असेल, त्याला द्यावीत.

डब्यातून रोप काढताना एक काळजी घ्यावीच लागेल. आंब्याचे सोटमूळ उगवल्यापासून सरळ खाली जाते. ते डब्याच्या तळाला लागले की वळते आणि तेथेच वेटोळे घालत राहते. असे वेटोळे तसेच जमिनीत गेले, तर झाड वर दिसायला बरे असले, तरी त्याची पकड कच्ची राहते आणि पुढे वादळी पावसात ते कलंडू शकते. म्हणून माती भिजवून रोप हलकेच बाहेर काढावे, मुळाचे गुंडाळलेले टोक हाताने सरळ करून पाहावे आणि ते सरळ होत नसेल, तर धारदार पात्याने तेवढाच भाग कापावा. कापल्यानंतर पाने थोडी कमी करावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार येत नाही. खड्डा लांबी, रुंदी व खोली अशा तिन्ही बाजूंनी सुमारे एक मीटर घ्यावा आणि वरची चांगली माती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून तो भरावा. कच्चे शेण घातल्यास वाळवीला आमंत्रण मिळते, आणि कोकणात नव्या झाडाचा सर्वांत नेटाचा शत्रू वाळवीच असते.

कलम बांधण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आपल्या भागात असे हात आजही आहेत. तरी त्यामागचे तत्त्व आपल्याला ठाऊक असावे, म्हणजे काम नीट होते आहे की नाही, हे पाहता येईल. कलमकाडी नेहमी फळ देणाऱ्या, निरोगी हापूसच्या शेंड्याची घ्यावी. ती तीन-चार महिन्यांची, पक्व आणि शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची असावी. झाडावरून काढण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापतात, तेव्हा शेंड्याचा डोळा फुगून कामाला तयार होतो. खाली खुंटरोपाला, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधायचे त्या रोपाला, नुकतीच तांबूस, कोवळी फूट आलेली असते, तिचा शेंडा उडवून उभी चीर देतात, काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतात. याला मृदकाष्ठ कलम म्हणतात. दोन्ही खोडांची जाडी सारखी असावी आणि निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडलेली असावी, कारण जोड तेथेच धरतो. पावसाळ्याची दमट हवा यासाठी उत्तम, कारण मुळांशी नाते जुळेपर्यंत काडी सुकत नाही. दोन-चार आठवड्यांत डोळा फुटतो. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडण्याचे विसरू नये, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसताच खुडावेत. ते खुंटाचे असतात आणि दुर्लक्ष झाले, तर वरच्या हापूसला उपाशी ठेवून स्वतःच झाड होतात.

कलमी झाड लवकर फळते याचे कारण असे की काडी ज्या झाडाची असते, ते झाड वयात आलेले असते आणि ती ते वय सोबत घेऊन येते. बीजरोपाला मात्र बालपण पूर्ण काढावेच लागते. म्हणूनच कलमाला दुसऱ्या वर्षीही मोहोर दिसू शकतो. परंतु पहिली तीन-चार वर्षे तो मोहोर काढून टाकावा, म्हणजे झाडाचा सांगाडा भक्कम होतो. आपल्या वयाचा प्रश्न लक्षात घेता असा सल्ला देताना मन थोडे कचरते. तरी चौथ्या वर्षी आलेल्या मोहोराला मुलांसाठी म्हणून दोन-चार फळे राखली, तर झाडाचे काही बिघडत नाही, आणि याच पावसात लावलेल्या तयार कलमाची ती फळे आपल्याला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी चाखता यावीत.

या वर्षी मुले पुन्हा कोयी लावणार असतील, तर डबे बंद करून सुमारे दीड फूट उंचीच्या काळ्या पिशव्या वापराव्यात. कोय आंबा खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत लावावी, कारण तिच्यातील बी वाळली की मरते, आणि महिनाभर खिडकीत ठेवलेली कोय बहुधा उगवत नाही. कोयी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बाजूला काढाव्यात. उरलेल्यांची कडक टरफले मोठ्या माणसाने जपून उघडून आतली बी पाहावी. कोयीतील भुंग्याने पोखरलेल्या बिया तेथेच ओळखू येतात. बी लावताना तिची फुगीर बाजू वर ठेवावी, म्हणजे कोंब वेडावाकडा वळत नाही. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो, आणि त्याच कोवळ्या अवस्थेत त्यावर कोयकलम बांधता येते. ते पाहायला मुलांना जरूर न्यावे.

आता लिंबाकडे येते, आणि येथे मला आपले मनःपूर्वक अभिनंदन करायचे आहे. कागदी लिंबू बहुभ्रूणी आहे. त्याच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक मातृवृक्षाची अचूक प्रत असतात. म्हणूनच महाराष्ट्रात कागदी लिंबाच्या मोठमोठ्या बागाही बियांच्या रोपांवर उभ्या आहेत आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’सारख्या जातींची रोपेही बियांपासूनच करतात. शिवाय ट्रिस्टेझा नावाचा विषाणूरोग, जो लिंबाचे झाड हळूहळू वाळवतो, तो बीमधून पुढच्या पिढीत जात नाही. तेव्हा बियांचे रोप या बाबतीत स्वच्छ सुरुवात देते. आपल्या सहा-सात रोपांत जी उंचीने, पानाने, काट्याने एकमेकांसारखी आहेत, ती ठेवावीत. जी फारच खुरटी आहेत किंवा इतरांपेक्षा एकदम वेगळी आणि भडक वाढणारी आहेत, ती बहुधा संयोगातून झालेली असतात, ती काढावीत. एका बीतून दोन-तीन कोंब वर आले असतील, तर ते हाताएवढे होण्याआधीच वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र पिशवी द्यावी.

लिंबाचे एक रोप पुण्यातच ठेवावे, असे माझे म्हणणे आहे. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळत असेल, तर निदान अठरा इंच रुंद आणि तेवढ्याच खोल कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लिंबू अनेक वर्षे समाधानाने राहते आणि चार-पाच वर्षांत फळे देऊ लागते. कुंडीतील पाण्याचा निचरा चोख हवा, कारण लिंबूवर्गीय झाडांना मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही आणि मग खोडावर डिंक्या येतो. पहिली काही वर्षे काटे फार असतील, त्याला इलाज नाही. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळेल. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, वेचून दुसरीकडे ठेवावी. कोवळ्या पानांवर नागमोडी रेघा उमटल्या, तर ती नागअळी होय, आणि घरच्या एक-दोन झाडांवर तिच्यासाठी निंबोळी अर्काची फवारणी पुरेशी असते. संत्रे आणि मोसंबी यांच्या बिया लावण्याचा मोह मुलांना होईल. त्याही उगवतात, परंतु ती झाडे फार उशिरा फळतात, म्हणून त्यांचे डोळे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरण्याची पद्धत विदर्भ-मराठवाड्यात रूढ आहे. पपनस मात्र एकभ्रूणी आहे, तेथे आंब्याचाच नियम लागू होतो.

पपई ही मुलांसाठी सर्वांत समाधान देणारी आहे, कारण उगवल्यापासून वर्षाच्या आत ती फळ दाखवते. तिच्या बाबतीत अडचण असते ती नर झाडांची. काही जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि निम्मी रोपे नर निघतात, ती फळे देत नाहीत. परंतु बाजारात आज मिळणारी लांबट पपई बहुधा उभयलिंगी फुलातून आलेली असते, आणि अशा फळाच्या बिया, आसपास नर झाडाचा पराग नसेल तर, साधारण दोन भाग उभयलिंगी आणि एक भाग मादी झाडे देतात. दोन्ही प्रकार फळतात. म्हणून बी घेताना गोल फळ टाळून लांबट फळाचे घ्यावे. बाजारातील बरीच पपई संकरित वाणाची असते, त्यामुळे झाडे एकसारखी निघणार नाहीत, पण खाण्यालायक फळ बहुतेक मिळतेच. मुलांना पुढच्या वेळी सांगावे की बियांवरचे पारदर्शक, बुळबुळीत आवरण राखेत किंवा चाळणीवर चोळून धुवावे आणि मग सावलीत सुकवून पेरावे. त्या आवरणात उगवण रोखणारे द्रव्य असते. पपईच्या मुळांना हलवलेले आवडत नाही, म्हणून आत्ताची रोपे वीतभर होताच कायमच्या जागी लावावीत, आणि एका जागी तीन लावून फुले आल्यावर सर्वांत चांगले एकच ठेवावे. चिपळुणातल्या पावसात तिच्या बुंध्याशी पाणी साचता कामा नये. उंचवटा करून लावली तरच ती तेथे टिकेल.

फणसाच्या दोन रोपांपैकी एकच ठेवावे. फळ कापा निघेल की बरका, हे आठळीवरून सांगता येत नाही. सात-आठ वर्षे लागतील आणि झाड फार मोठे होईल, म्हणून ते घराच्या भिंतीपासून दूर, जागेच्या अगदी कडेला जावे. आपल्याला खात्रीने कापाच हवा असेल, तर विद्यापीठाच्या ‘कोकण प्रॉलिफिक’ या जातीचे कलम घ्यावे. कोकमाच्या बिया लावण्याचे मात्र टाळावे. त्यातली साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. अव्होकाडोचे रोप शोभेचे म्हणून खुशाल गॅलरीत ठेवावे. बियांपासून त्याला फळ यायला फार वर्षे लागतात, आणि त्याची फुले मादी व नर अशा अवस्थांत वेगवेगळ्या वेळी उमलत असल्यामुळे एकट्या झाडावर फळधारणाही जेमतेमच होते. मुलांना आणखी काही लावायचे असेल, तर सीताफळाच्या बिया द्याव्यात. त्या उगवायला महिना-दीड महिना घेतात, पण झाड आईशी बरेच जुळणारे निघते आणि तीन-चार वर्षांत फळते. फक्त त्या बियांची पूड किंवा रस डोळ्यांत जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी. जांभळाचे बीही घालण्यासारखे आहे. ते ताजेच पेरावे, दोन आठवड्यांत उगवते.

गावी रोपे नेण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय मात्र व्हायला हवा. आपण वर्षाचे बहुतेक दिवस पुण्यात असता. चिपळुणात जून ते सप्टेंबर झाडाला पाणी लागत नाही, परंतु ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो आणि जांभ्याची ती जमीन पाणी धरून ठेवत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे निदान आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाला पाणी मिळाले नाही, तर वर लिहिलेल्या साऱ्याचा काही उपयोग होणार नाही. शेजारच्या एखाद्या घराशी पाण्याचे आणि देखरेखीचे आधी पक्के बोलून घ्यावे, आणि त्यांच्या श्रमाचे मोल ठरवून द्यावे. प्रत्येक झाडाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घातलेले एक मडके गळ्यापर्यंत पुरले, तर ओल हळूहळू झिरपते आणि पाणी घालणाऱ्याची खेपही वाचते. बुंध्याभोवती गवताचे व पाल्याचे आच्छादन पावसाळा संपताच घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. जानेवारीत भोवतालचे वाळलेले गवत काढून मोकळा पट्टा राखावा, कारण कोकणात कोवळी झाडे वणव्यात जातात. मोकाट गुरांसाठी काटेरी झुडपांचे कुंपण पुरते. ही व्यवस्था या वर्षी जमत नसेल, तर आंब्याची दोन निवडक रोपे खोल पिशव्यांत बदलून पुण्यातच ठेवावीत आणि पुढच्या जूनमध्ये न्यावीत. पाण्याची सोय झाली असेल, तर खड्डे आताच घ्यायला सांगावे आणि पावसाचा पहिला जोर ओसरून जमीन नीट भिजली की मुलांच्या सुट्टीच्या एखाद्या शनिवारी रोपे घेऊन निघावे.